हनुवटीखालची वळी

"बाबा, पोट आत ओढू नका ना."

"मी कुठे ओढतोय?"

"मगाशी केवढं होतं. आता निम्मं झालंय."

बाबांनी नाइलाजाने श्वास सोडला आणि पोट आपल्या मूळ जागी आलं. ते बैठकीच्या खोलीत मधोमध उभे होते. गुडघे किंचित वाकवलेले, एक हात पंख्याच्या दिशेने वर, आणि त्या हातात पडद्याची दांडी. दांडी म्हणजे झाडाची फांदी आणि बाबा म्हणजे महास्लॉथ. हा हत्तीएवढा प्राणी हजारो वर्षांपूर्वी मागच्या पायांवर उभा राहून लांब नख्यांनी झाडाचा पाला ओरबाडायचा आणि निवांत खात बसायचा. त्याची आजची छोटी भावंडं झाडाला उलटी लटकून दिवस काढतात. विमा कचेरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी असं उभं करण्याची हिंमत घरात फक्त बारकीकडे होती. बारकी म्हणजे धाकटी लेक. ती आता बाबांपेक्षा चांगली वीतभर उंच झाली होती, पण नाव काही वाढलं नाही.

"खिडकी लाव आधी. समोरचे बघतायत," बाबा म्हणाले.

"ते पेपर वाचतायत."

"पेपर उलटा धरलाय त्यांनी."

बारकीने उठून खिडकी लावली आणि पुन्हा पेन्सिल हातात घेतली. ती बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होती. दिवसा ती गांडूळ, झुरळ, बेडूक असल्या हयात मंडळींचा अभ्यास करी, आणि तो झाला की कधीच नाहीशा झालेल्या प्राण्यांची चित्रं काढत बसे. बाबांचं म्हणणं असं की परीक्षेत जिवंत प्राण्यांवर प्रश्न येतात, तर मेलेल्यांच्या मागे लागायचं कशाला. यावरून बरीच धुसफूस झाल्यावर आईने तडजोड काढली होती. गावातल्या निसर्ग संग्रहालयाला सुट्टीत चित्रं काढायला एक विद्यार्थी हवा होता. एक चित्र आणि सोबत विभागप्रमुखांच्या सहीची शिफारस द्यायची. बारकीची निवड झाली तर चित्रकला हासुद्धा अभ्यासच, असं बाबांनी कबूल करायचं. नाही झाली तर रंगपेटी शेवटची परीक्षा होईपर्यंत माळ्यावर. आईने दोघांना मान्य का म्हणून विचारलं होतं आणि दोघांनी मान डोलावली होती. बाबांनी जरा जास्तच जोरात डोलावली होती.

"मी हे तुझ्यासाठी करतोय," बाबा वर हात ठेवून म्हणाले, "पण माझं नाव कुठे येता कामा नये. ऑफिसात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाही येणार."

"आणि पोटाचं काय लिहिणारेस?"

"मनुष्य, कंसात प्रौढ नर."

बाबांनी यावर थोडा विचार केला. 'प्रौढ नर' त्यांना बरं वाटलं असावं.

हे लिहिण्याची भानगड विभागप्रमुखांमुळे होती. त्यांना सगळं कॉलेज पुरावासर म्हणे. विद्यार्थ्याने काहीही सांगितलं की सर शांतपणे विचारत, "पुरावा काय?" पाऊस पडतोय म्हणून सांगितलं तरी ते आधी ओल्या छत्रीकडे पाहत. नाहीशा झालेल्या प्राण्यांच्या चित्रांबद्दल त्यांचा नियम कडक होता. हाडं सापडतात, ती कशी होती हे ठाऊक असतं. पण कातडी, चरबी, ओठ, केस हे सापडत नाहीत. तेव्हा हाडाबाहेरची प्रत्येक गोष्ट आजच्या कुठल्या जिवंत प्राण्यात स्वतः पाहून काढली, हे चित्राच्या उजव्या बाजूला पट्टीने रेघ मारून लिहायचं. एक जरी रेघ मोकळी राहिली तर चित्र रद्द. बारकीला हा नियम मनापासून पटला होता. त्यामुळे तिच्या महास्लॉथच्या उजवीकडे ओळीने लिहिलेलं होतं: केस – आजचा स्लॉथ. जीभ – जिराफ. पावलाची ठेवण – मुंगीखाऊ. पोट – मनुष्य (प्रौढ नर).

चेहऱ्याची वेळ आली तेव्हा मात्र बाबा हात भरून आला म्हणून जेवायला निघून गेले. बारकीने चेहरा मनानेच काढला. महास्लॉथ पुढच्या पंजात पाला धरून तो खाली मान घालून निरखतोय, असा. चित्र तिला स्वतःला इतकं आवडलं की ती उशाशी ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते लॅबमध्ये नेलं आणि टेबलावर, बाटल्यांना टेकवून उभं केलं. आज कागद द्यायचा शेवटचा दिवस होता. दुपारी सरांची सही घ्यायची आणि संध्याकाळच्या आत संग्रहालयात पोचवायचं. लॅबकाका फडक्याने टेबलं पुसत पुसत आले. ही लॅब सांभाळता सांभाळता ते म्हातारे झाले होते. चित्रासमोर येताच त्यांनी फडकं पाठीमागे लपवलं, अॅप्रनचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "आज लवकर आलात, सर."

मग त्यांनी डोळे बारीक केले.

"हे आपलं... चित्र होय?"

"काका, तुम्ही कुणाला सर म्हणालात?"

"कुणाला नाही," असं म्हणून काका घाईघाईने पलीकडचं टेबल पुसायला लागले. ते आधीच पुसून झालेलं होतं.

बारकीने चित्राकडे पुन्हा नीट पाहिलं. वर्षभर ती पहिल्या बाकावर बसत होती. वर्षभर पुरावासर तिच्यासमोर मायक्रोस्कोपवर वाकत होते, एक डोळा बारीक करून, आणि वाकले की त्यांच्या हनुवटीखाली एक जाडसर, गुबगुबीत वळी तयार होऊन कॉलरवर निवांत टेकत होती. तीच वळी, तोच बारीक डोळा, आणि पाला निरखतानाही जणू स्लाइडच बघतोय असा तोच चेहरा. हत्तीएवढे पुरावासर मागच्या पायांवर उभे राहून पाला खात होते.

तेवढ्यात तिची मैत्रीण आली. तिला सगळे चष्मिस म्हणत. ती बराच वेळ चित्र बघत राहिली.

"याला आता एवढंच विचारायचं राहिलंय, पुरावा काय," ती म्हणाली.

"इतकं दिसतंय?"

"तू सरांकडूनच सरांच्या चित्रावर सही घेणार?"

बारकीने खोडरबर काढलं. आधी तिने वळी पुसून टाकली. त्याबरोबर महास्लॉथची मान अशी वाळकी दिसायला लागली की बघवेना. हीच तर तिची पुस्तकांबद्दल तक्रार होती. त्यातले सगळे प्राचीन प्राणी हाडांवर कातडी ताणून काढलेले, जणू नुकतेच टायफॉइडमधून उठलेत. एवढा टनावारी पाला खाणारा प्राणी काय असा असेल? तिने वळी परत काढली आणि नाक थोडं लांब करून पाहिलं.

"आता प्राचार्या बाई झाल्या," चष्मिस म्हणाली. "सही राहू दे, दाखलाच हातात मिळेल."

बारकीने नाक आखूड केलं आणि जबड्याभोवती केस वाढवले. मग तो हुबेहूब लॅबकाकांसारखा दिसायला लागला. काकांना मात्र त्यात काही वावगं वाटलं नाही. ते फडकं खांद्यावर टाकून बाजूने, समोरून पाहत राहिले.

"बरा आलोय की. नख्या तेवढ्या कमी कर," ते म्हणाले.

बारकीने केसही पुसले. असं पुसता पुसता दुपार झाली आणि कागदाची सहनशक्ती संपली. नेमकं हनुवटीखाली भोक पडलं. तिचा चेहरा पाहून चष्मिसने स्लाइडला लावायच्या लेबलांची पट्टी आणून दिली. बारकीने मागून ठिगळ लावलं, त्यावर डिंकाने दुसरं, आणि वरून पुन्हा पेन्सिल फिरवली. डिंक वाळल्यावर तो भाग फुगला. आता वळी नुसती दिसत नव्हती, हातालाही लागत होती. आणि चेहरा पाहावा तर फिरून पुन्हा पुरावासरांचाच.

"नवीन काढ," चष्मिस म्हणाली.

"वेळ कुठाय?"

"मग निदान नाव लिही. रेघ मोकळीच आहे. बैल लिही, बैलाच्या गळ्याला असते ना पोळी."

"बैलाची लोंबते. ही लोंबत नाही, टेकते."

"कोण बघायला येतंय?"

"मला ठाऊक आहे ना," बारकी म्हणाली. रंगपेटी माळ्यावर जाताना तिला डोळ्यांसमोर दिसत होती, जुन्या सुटकेसच्या मागे, खराट्याच्या शेजारी. तरीपण पुरावासरांनी वर्षभर 'पाहिलं ते लिही, न पाहिलेलं लिहू नको' म्हणून डोक्यात इतकं भरवलं होतं की हात बैल लिहायला वळेचना. मोकळी रेघ तशीच राहिली.

सर आले. आज ते दाराशीच जरा अडखळले.

"चष्मा घरी राहिला," ते म्हणाले. "मिसेस आणून देतायत. तोवर दाखव काय ते."

चष्मा नाही म्हटल्यावर तिघांच्याही जिवात जीव आला. सर चित्रावर इतके वाकले की त्यांचं नाक महास्लॉथच्या नाकाला लागायला आलं. दोघांच्याही हनुवट्या खाली टेकल्या. लॅबकाकांनी भिंतीवरच्या हृदयाच्या तक्त्याकडे तोंड फिरवलं.

"पायाची ठेवण?"

"मुंगीखाऊ, सर. प्राणिसंग्रहालयात पाहिला."

"पोट?"

"मनुष्य, सर. प्रौढ नर."

"प्रत्यक्ष पाहिलंस?"

"रोजच बघते."

"छान. असं पाहिजे." सरांनी हात वर सरकवला आणि त्यांचं बोट ठिगळावर येऊन थांबलं. "हे काय लागतंय हाताला?"

"हनुवटीखालची वळी, सर."

"एवढी?" सरांनी बोट दोनदा वरखाली फिरवलं. "छे. अशी वळी कुठल्या प्राण्याला असते? पुरावा काय?"

बारकीने मोकळ्या रेघेवर हात ठेवला. सरांनी खिशातून काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवलं. ते रागावले नव्हते. रागावण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांना फक्त वाईट वाटलं होतं, आणि ते बारकीला जास्त लागलं.

"बाळ, तुझा हात चांगला आहे. पण कल्पनेने काढायचं असेल तर परीकथांची चित्रं काढावीत. पाहिलेलं नाही ते मी सही करून पुढे पाठवू शकत नाही."

"मी पाहिलीय, सर," बारकी हळूच म्हणाली.

"मी पण," चष्मिस म्हणाली.

"मी तर रोज पाहतो," लॅबकाका हृदयाच्या तक्त्याकडे बघतच म्हणाले.

सरांनी खुर्ची ओढली. पुरावा आहे म्हटल्यावर त्यांना एकदम हुरूप आला. "असं? मग सांगा की. कुठे आढळतो हा प्राणी?"

"इथेच... परिसरात," काका म्हणाले.

"सस्तन?"

"हो, सर."

"शाकाहारी?"

"डब्यावरून तरी तसंच वाटतं," काका म्हणाले, आणि चष्मिसने त्यांच्या पायावर पाय दिला.

"डब्यावरून? म्हणजे माणसाळलेला आहे. सवयी?"

"सकाळी बरा असतो," चष्मिस सांभाळून म्हणाली. "जेवणानंतर जरा सुस्तावतो. पण गरीब आहे, सर. कुणाला त्रास नाही."

"आणि वळी कायम दिसते?"

"मान खाली घातली की," बारकी म्हणाली. तिला आता रडावं की हसावं कळत नव्हतं.

सर मान खाली घालून विचार करू लागले. तिघांनीही छताकडे पाहिलं.

"नवलच आहे," सर म्हणाले. "इतकी वर्षं मी या परिसरात वावरतोय, माझ्या कसा पाहण्यात आला नाही? पकडून आणता येईल?"

"तो आपणहून येतो," लॅबकाका म्हणाले.

तेवढ्यात दार वाजलं आणि सरांच्या मिसेस चष्म्याची डबी घेऊन आत आल्या. शांत, ठेंगण्या, बोलायला मोकळ्या अशा बाई होत्या. डबी सरांच्या हातात देता देता त्यांची नजर टेबलावर गेली.

"अगोबाई, तुमचं चित्र? कुणी काढलं?" त्या म्हणाल्या. "अंगावर केस काय हे एवढे? पण गळा अगदी तुमचा आलाय हो."

बारकीने खोडरबर मुठीत लपवलं. सरांनी डबी उघडली, चष्मा फडक्याने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि चित्राकडे पाहिलं. मग ते शेजारच्या मायक्रोस्कोपकडे वळले. त्याच्या खाली उजेड पाडायला छोटा गोल आरसा असतो. तो त्यांनी अलगद काढून घेतला, खिडकीपाशी नेला, मान खाली घातली आणि आरसा हनुवटीखाली धरला. नवीन किडा हाती लागल्यावर ते जितका वेळ घेत तितका वेळ त्यांनी घेतला. दोन बोटांनी चाचपून पाहिलं. मान या बाजूला, मग त्या बाजूला. मिसेसना काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण नवऱ्याचा हा चेहरा त्यांना ठाऊक होता, म्हणून त्या थांबल्या.

सर परत आले. आरसा त्यांनी जागच्या जागी बसवला.

"निरीक्षण अपुरं आहे," ते म्हणाले.

"सॉरी, सर," बारकीच्या तोंडून कसंबसं निघालं. "मी मुद्दाम नाही..."

"वळ्या दोन आहेत. तू एकच काढलीस." सर स्टुलावर बसले आणि त्यांनी मायक्रोस्कोप पुढे ओढला. "पहिलीच्या खाली दुसरी आहे, जरा बारीक. मी वाकतो, तू नीट बघून घे. आणि घाई करू नकोस."

"हसलं की तिसरी पण पडते," मिसेस म्हणाल्या.

"मी लॅबमध्ये हसत नाही," सर मायक्रोस्कोपमध्ये बघत म्हणाले. चष्मिसचं म्हणणं, त्याच वेळी तिने तिसरी पाहिली.

बारकीने दुसरी वळी काढली. ठिगळावर दोन्ही वळ्या मोठ्या ऐसपैस बसल्या. सरांनी चष्म्यातून चित्र पुन्हा पाहिलं आणि मोकळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"लिही. मनुष्य, प्रौढ नर."

बारकीने लिहिलं.

"कोणता नर? उद्या कुणाला पडताळून पाहायचं झालं तर? पुढे लिही, विभागप्रमुख, जीवशास्त्र. म्हणजे ज्याला शंका असेल तो येऊन बघून जाईल." मग त्यांची नजर खाली गेली. "आणि हे पोट कुणाचं?"

"आमच्या बाबांचं. पण ते म्हणाले नाव नको."

"मग नको. परवानगीशिवाय नाही लिहायचं."

शिफारशीत सरांनी दोनच वाक्यं लिहिली. विद्यार्थिनी पाहिलेलं काढते आणि न पाहिलेलं लिहीत नाही. मोजण्याकडे मात्र लक्ष द्यावं लागेल. खाली सही केली. बारकीने कागद छातीशी धरला आणि संग्रहालयाकडे पळाली. लॅबकाकांनी मागून हाक मारून सांगितलं की चित्र आता सरांचंच आहे, तेव्हा नख्या कमी केल्या नाहीस ते एका अर्थी बरंच झालं.

निवड झाल्याचं कळलं तेव्हा आई नुसती हसली आणि बाबा "बघू, बघू" म्हणाले. रंगपेटीला माळा दिसला नाही. चित्र चौकटीत बसून संग्रहालयात लागलं आणि सुट्टीच्या दिवशी तिघं ते बघायला गेले. बाबांनी निघताना इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि वाटेत दोनदा बजावलं होतं की तिथे कुणासमोर विषय काढायचा नाही.

चित्रासमोर बरीच माणसं उभी होती. एक गृहस्थ उजवीकडची नावं मोठ्याने वाचून बायकोला सांगत होते. मुंगीखाऊ झाला, जिराफ झाला. विभागप्रमुखांपाशी ते थांबले आणि म्हणाले, "वा, म्हणजे मोठा माणूस असणार." मग पोटापाशी आले, मनुष्य, प्रौढ नर एवढं वाचलं आणि पुढच्या चित्राकडे निघून गेले.

बाबा पाहत राहिले. आधी ते चित्राच्या एका बाजूला जाऊन उभे राहिले. मग दुसऱ्या बाजूला गेले, थोडे आडवे, चित्रातल्या पोटाशेजारी आपलं पोट येईल असे, आणि श्वास पूर्ण सोडून दिला. दोनचार माणसं तशीच पुढे निघून गेली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

"झालं ना मनासारखं?" बारकी त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली. "नाव कुठे येऊ दिलं नाही."

"हं."

"मग काय झालं?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"काही नाही. पण मला सांग, तुझ्या सरांच्या त्या एवढ्याशा गळ्याला धनी आहे, आणि माझं एवढं मोठं पोट तेवढं बेवारशी होय?"